मागच्या पाटीबद्दल तक्रार

रविवार, ३० मार्च २०२५. गुढीपाडवा.

नूतन वाहनाच्या पृष्ठभागी, नंबराच्या पाटीच्या डाव्या अंगास, चार बोटं लांबीचा एक ओरखडा आणि सर्वथा निष्प्रयोजन असं एक भोक — वर्षप्रतिपदेच्या शुभमुहूर्तावर, दुपारी बाराला दहा कमी असताना — आमच्या पदरी पडलं. नवीन शके सुरू होऊन सहा तास झाले नाहीत तोवर एवढी प्राप्ती!

गाडी ताईची आहे, हे आधी नोंदवून ठेवतो. सरोजिनी, माझी थोरली बहीण, वय बासष्ट, विमा कंपनीच्या क्लेम खात्यात छत्तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी युरोपला गेल्या. ताई मोटर ट्रेनिंग स्कूलला गेली. पहिल्या झटक्यात लायसन्स. आणि आता ही छोटी, निळी गाडी. कारण एकच, आणि ते दोन वर्षं आम्ही ऐकतोय: दर गुरुवारी गिरगावातून कौसल्याताईंना घ्यायचं आणि प्रभादेवीला गणपतीला न्यायचं. कौसल्याताई ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर. तीस वर्षं दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर दोघी दर्शनाला जायच्या. मग कौसल्याताईंचं खुब्याचं हाड मोडलं. आता त्या खोताच्या वाडीजवळच्या आपल्या तळमजल्याच्या खोलीत वॉकर घेऊन बसलेल्या असतात. टॅक्सीत बसायचं नाव काढत नाहीत. टॅक्सीवाला घाई करतो, म्हणतात. "मी घाई करणार नाही. थांब, मी गाडी घेते," असं ताई त्यांना म्हणाली होती. घेतली.

शोरूममध्ये आज त्रेचाळीस गाड्यांची डिलिव्हरी. सगळ्या मुंबईला पाडव्यालाच गाडी हवी, आम्हालाही. कंत्राटी गुरुजी पाच-पाच गाड्यांचा एकत्र संकल्प सोडत होते. गोत्र मात्र प्रत्येकाला वेगळं विचारलं, त्याबद्दल त्यांचा आदर वाटला. नंबराच्या पाट्या सकाळीच आलेल्या. फिटर ड्रिल घेऊन रांगेतून चाललेला, एका डिकीकडून दुसऱ्या डिकीकडे, मान वर न करता. आमच्या पाटीची भोकं गाडीच्या भोकांवर बसेनात. त्याने नवीन पाडली. एक चुकलं, ड्रिल घसरलं, पाटी तिरकी बसली. "बाराच्या आत हं," असं त्याला दोनदा कोणी सांगितलं होतं? मी. पंचांग बघून आलो होतो ना.

ताईला हाक मारली. "हे बघ."

"काय?"

"ओरखडा."

"कुठे रे?"

शेवटी तिचं बोट धरून त्यावर टेकवलं. मग म्हणाली, "हो की. एवढंसं तर आहे. रघु, तुला फार दिसतं. चष्म्याचा नंबर कमी करून घे."

विक्री खात्याचा स्वप्नील धावत आला. "सर, टेन्शन नका घेऊ, बफिंगमध्ये निघून जाईल. मॅडम, पेढा घ्या."

घरी दादरला गाडी शोरूमच्या ड्रायव्हरने आणली. एवढ्या गर्दीत मी चालवते, असं ताई म्हणाली नाही. मला वाटलं होतं म्हणेल.

सोमवार, ३१ मार्च.

शोरूमला फोन. "आज स्टाफ सुट्टीवर आहे सर, काल खूप डिलिव्हरी होत्या." म्हणजे जखमी करून विश्रांतीला गेले.

मंगळवार, १ एप्रिल.

कॉलेजातून आल्यावर तक्रारीचा मेल लिहिला. बी.ए.च्या पोरांना संस्कृत 'कादंबरी'तली दीर्घ वाक्यं सोडवायला लावतो, त्याचा सूड कोणावर तरी उगवायलाच हवा होता. 'आपल्या हस्तकुशल कारागिराने आमच्या वाहनाच्या पृष्ठभागावर जी अनाहूत नक्षी कोरली आहे, तिच्या निवारणार्थ आपण कोणती उपाययोजना करणार आहात, हे सत्वर कळवावे.' सोबत फोटो चार.

सुमेधाने खांद्यावरून वाचलं. "अहो, कळेल का त्यांना हे?"

"नाही कळलं तर घाबरतील."

पाच मिनिटांत उत्तर. माझी तक्रार त्यांच्यासाठी महत्त्वाची आहे. अकरा आकडी क्रमांक दिलाय. घाबरलेले दिसत नाहीत.

गुरुवार, ३ एप्रिल.

आज खरं तर पहिली फेरी व्हायची. ताई म्हणाली, आधी ते भोकाचं मिटवू, पुढच्या गुरुवारपासून शुभारंभ. आम्ही दोघं टॅक्सीने परळच्या वर्कशॉपमध्ये गेलो.

तिथले मॅनेजर हितेंद्र. शांत, गोरेगोमटे, कपाळावर कुंकवाची बारीक रेघ. त्यांनी फाइल उघडली आणि डिलिव्हरीच्या दिवशीचा कागद समोर सरकवला. सतरा बाबी, सतरा टिकमार्क. अकरावी बाब: नंबर प्लेट फिटिंग, ओके. खाली सही. स. गं. टिपणीस. ताईची सही, णीची वेलांटी मागे ओढलेली, शंकाच नको.

"सर, मॅडमनी बघून साइन केलीय ना," हितेंद्र अत्यंत नम्रपणे म्हणाले.

मी ताईकडे बघितलं. या बाईने छत्तीस वर्षं लोकांचे कागद परत पाठवले आहेत. एकदा तर खुद्द नानांचा, आमच्या वडिलांचा, दवाखान्याचा क्लेम परत पाठवला होता. तिसऱ्या पानावर सही राहिली होती म्हणून. नाना आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. ती घरातलं दुधाचं कार्डसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही.

ताई कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "सही माझी आहे. चूक माझी." आणि पर्स बंद केली.

हितेंद्रनी खुलासा केला. या नव्या पाट्यांचं लॉक एकदाच बसतं. पाटी काढायची तर लॉक तोडावं लागतं, मग नवीन पाटी मागवायची, ती यायला आठ-दहा दिवस, तोवर गाडी रस्त्यावर काढता येत नाही. "त्यापेक्षा सर, त्या होलवर लिंबू-मिरचीचा स्टिकर लावून देतो. मस्त दिसेल. नजर पण नाही लागणार."

विचार करतो म्हणालो. टॅक्सीत ताईला छेडलं. "न वाचता सही? तू?"

"चष्मा पर्समध्ये होता."

"नाकावर होता."

"मग उजेड नव्हता."

त्या शोरूममध्ये एवढे दिवे आहेत की माझ्या टकलावर छत दिसत होतं.  ती खिडकीबाहेर बघत बसली.

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी नऊ.

साडेसहाला ताईबरोबर शिवाजी पार्काला चक्कर. गुरुवारची तालीम. ती चालवत होती, मी शेजारी. पाठ ताठ, स्टिअरिंगवर हात दहा वाजून दहा मिनिटांवर, गिअर लोण्यासारखे. मला खूप बरं वाटलं. दहावीला असताना मी संस्कृतच घेणार म्हणालो तेव्हा घरात हसले होते सगळे. ताई तेवढी म्हणाली होती, घेऊ दे त्याला. तिला असं ताठ बसलेलं बघून ते आठवलं.

दुसऱ्या फेरीला डावीकडच्या गल्लीतून शहाळ्यांची हातगाडी आली. ताईने वेग कमी केला नाही. मी हँडब्रेक ओढला. गाडी गचका खाऊन बंद पडली. हातगाडीचं चाक आणि आमचं बंपर यात एक वीत.

शहाळेवाला चिडला नाही. घाबरला होता बहुतेक. "काय मावशी, दिसत नाय काय?"

"हा एकदम आला कुठून?" ताई मला म्हणाली.

मी बराच वेळ त्याला येताना बघत होतो. शहाळ्यांनी भरलेली हातगाडी एकदम कुठूनच येत नाही.

"कठीण आहे या लोकांचं," मी म्हणालो.

रविवार, ६ एप्रिल. रामनवमी.

गाडीची फाइल बघत बसलो होतो. ताईच्या लायसन्सचे कागद त्यातच आहेत. डॉक्टरचं सर्टिफिकेट ट्रेनिंग स्कूलनेच परस्पर आणून दिलं होतं. डॉक्टरांनी ताईला पाहिलेलं नाही. ताईला सगळं दिसतं, एवढं लिहून दिलंय.

सोमवार, ७ एप्रिल.

निर्णय घेतला. पाटी काढायची. भोक बुजवायचं, डिकी पूर्ण रंगवायची, नवीन पाटी सरळ बसवायची. हितेंद्रना तसा मेल. यावेळी साध्या मराठीत, मुद्दे घालून. सही असली तरी फिटिंग त्यांच्या माणसाने केलंय, ग्राहकाने ड्रिल चालवलेलं नाही. ग्राहक मंचाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, जाता जाता केल्यासारखा.

ताई ऐकेना. "राहू दे रे ते भोक. कौसल्या पुढे बसणार आहे. तिला मागचं भोक दिसणार आहे का?"

"पावसाळ्यात गंज धरेल. आत पाणी जाईल. दोन वर्षांत डिकी सडेल."

"खरंच?"

"मग काय."

मला गाड्यांतलं काहीही कळत नाही. तिला ते माहीत आहे, तरी मान डोलावली. मी एवढ्या ठामपणे कधी बोलत नाही, म्हणून असेल.

मंगळवार, ८ एप्रिल.

हितेंद्रनी मान्य केलं! सगळा खर्च त्यांचा. 'प्रोफेसरसाहेब, तुमचा मेल आमच्या हेड ऑफिसला पण गेला,' म्हणाले, जरा दुखावून. दुपारी त्यांचा माणूस गाडी घेऊन गेला. ताई गॅलरीत उभी राहून बघत होती.

जिंकलो की बरं वाटायला हवं.

गुरुवार, १० एप्रिल.

ताईने कौसल्याताईंना फोन केला. स्पीकरवर, कारण तिला आता फोन कानाला लावलेला आवडत नाही. मेसेज आला तरी, "रघु, वाच रे, या स्क्रीनला चकाकी फार."

"या गुरुवारी पण नाही गं. रघुने गाडी परत पाठवली."

"सरू, तुझा भाऊ वकील का नाही झाला?"

"वकिलाला मराठी सोपं लिहावं लागतं."

दोघी खूप हसल्या. मीही. मग कौसल्याताई म्हणाल्या, "काही घाई नाही हो. मी वॉकरच्या पुढच्या पायांना जुने मोजे चढवून ठेवलेत. चढताना तुझ्या नव्या गाडीला ओरखडा जायला नको. एक निळा आहे, एक पांढरा. चालेल ना?"

मी आत जाऊन पेपर तपासत बसलो. चार पेपर तपासले, चौघांनाही दोन-दोन गुण जास्त दिले असावेत.

शनिवार, १२ एप्रिल.

काही नाही. ताईने दाराच्या चौकटीला खांदा आपटला. डावा.

बुधवार, १६ एप्रिल.

गाडी आली. पाटी सरळ, भोक नाही. स्वप्नील स्वतः आला होता, पेढे नव्हते यावेळी. सोसायटीच्या आवारात उन्हात उभी केली. मी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. गुडघ्यावर बसलो. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या.

"रंगात फरक आहे," म्हणालो.

स्वप्नील वाकला. "कुठे सर?"

"डिकी किंचित गडद आहे."

"सर, ऊन आहे म्हणून..."

"उन्हातच दिसतो फरक."

त्याने ताईकडे बघितलं. ताई पुढे आली, डिकीजवळ तोंड नेऊन बघितलं, मग बाजूला होऊन बघितलं.  मला वाटलं, आता म्हणेल, मला काही दिसत नाही रे. म्हणाली, "रघु म्हणतोय तर असेल."

गाडी परत गेली. उद्या गुरुवार.

दुपारी सुमेधाने चहा समोर ठेवला आणि तिथेच बसली. "तुम्हाला निळ्यातला फरक कधीपासून कळायला लागला?"

"का?"

"माझी मोरपंखी आणि राणी कलर साडी तुम्हाला एकच वाटते. वीस वर्षं."

"गाडीचं वेगळं असतं."

तिने बशी माझ्याकडे सरकवली. उठताना म्हणाली, "ताई परवा भाजी निवडताना शेजारची वाटी हाताने चाचपडत होत्या. डावीकडची. तुमच्या लक्षात आलं का?"

चहात साखर नाही, असं मी म्हणालो. होती.

शुक्रवार, १८ एप्रिल.

नानांना काचबिंदू होता. कडेचं आधी गेलं. ते समोरचं वर्तमानपत्र वाचायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ओळखायचे नाहीत, म्हणून आम्हाला ते गर्विष्ठ वाटायचे. शेवटी त्यांचे डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखता येतं. तुम्ही आधी यायला हवं होतं. मुलांनाही तपासून घ्या, असंही म्हणाले होते. मी तपासून घेतलं. ताईला तेव्हा क्लेमचं वर्षअखेरीचं काम होतं.

हे इथे का लिहिलं? गाडीचा विषय चालला होता.

रविवार, २० एप्रिल.

हितेंद्रना फोन केला. रविवारी. म्हणालो, घाई करू नका. रंग नीट वाळू द्या. आणखी एक कोट देता आला तर बघा. हवं तर महिनाभर ठेवा.

हितेंद्रनी खाकरून घेतलं. मग म्हणाले, "सर, एक विचारू? राग नका मानू. माझ्या सतरा वर्षांच्या सर्व्हिसमध्ये गाडी लवकर द्या म्हणून भांडणारे कस्टमर खूप बघितले. उशिरा द्या म्हणून भांडणारे तुम्ही पहिले. पैशाचा काही प्रॉब्लेम नाही ना? हप्त्याचा वगैरे?"

"नाही, नाही. गाडी रोख घेतलीय."

"मग सर, मॅडमना गाडी आवडली नाही का? त्या दिवशी तर किती खूश होत्या. स्टिअरिंगला नमस्कार केला त्यांनी. असा नमस्कार आजकाल कोणी करत नाही."

"आवडली आहे," मी म्हणालो. "फार आवडली आहे."

"मग घेऊन जा ना सर," हितेंद्र म्हणाले. "गाडी एकदम परफेक्ट आहे."

मंगळवार, २२ एप्रिल.

ताईने आज माझ्या मागे न लागता स्वतः हितेंद्रना फोन केला. उद्या चार वाजता गाडी घरी. तिने कौसल्याताईंना कळवलंय. गुरुवारी सकाळी साडेआठला निघायचं. गिरगावला नऊ, प्रभादेवीला पावणेदहा, दर्शनानंतर कॉफी. कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलंय, मोठ्या अक्षरांत. फार मोठ्या.

"तू येऊ नकोस हं शेजारी बसून," मला म्हणाली. "तू हँडब्रेक ओढतोस. आम्ही दोघीच जाणार."

बुधवार, २३ एप्रिल. संध्याकाळ.

गाडी आली. पाटी सरळ आहे, रंग सगळीकडे एक आहे. पहिल्या वेळीही एकच होता. तक्रार करण्यासारखं काही उरलेलं नाही, मी शोधलं.

ताईला डावीकडचं दिसत नाही. ओरखड्यावर तिचं बोट टेकवलं तेव्हाच मला कळलं होतं, शहाळेवाल्याच्या दिवशी खात्री झाली. भोकासाठी मी भांडलोच नाही. गाडी तिच्या हातात पडू नये म्हणून भांडलो, कारण शोरूमला पत्रं लिहिणं सोपं होतं आणि तिला एक वाक्य बोलणं जमत नव्हतं. या साडेतीन आठवड्यांत तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेता आलं असतं. मी गाडीला दोनदा दुरुस्तीला पाठवलं.

आत्ता ती आत ओढणीला इस्त्री करतेय. ती झाली की सांगणार आहे. रडणार नाही ती, भांडणारही नाही. क्लेम खात्यातली बाई आहे, आधी तारीख विचारेल. तुला कधी कळलं, रघु? त्या प्रश्नाची मला भीती वाटते.